सुंदराबाईंचा पदर

आईस प्रियदर्शनीचा पुण्याहून जय भीम.

ताप उतरला, ऑक्सिजनही काढला. मोबाइलकडे बघितलं की डोळे चुरचुरतात, म्हणून कागदावर लिहितेय. माझी रूममेट सृष्टी फोटो काढून तुला पाठवेल.

डॉक्टर म्हणाल्या, या फ्लूमध्ये काहींचे डोळेही येतात. माझे आलेत. सकाळी पापण्यांवर पिवळा, चिकट थर असतो. शी! वॉर्डात आरसा नाही, तेच बरंय.

शेजारच्या खाटेवर धायरीच्या सुंदराबाई आहेत. त्यांचेही डोळे आलेत. त्या एकाच पदराने डोळे पुसतात, नाक पुसतात, मग पाण्याचा ग्लास पुसतात आणि तोच ग्लास मला देतात. नर्सने दिलेला कापूस उशीखाली जपून ठेवलाय, बहुधा घरी न्यायला. मला घास उतरत नाही. म्हणजे, जेवते मी, काळजी करू नकोस.

आज सकाळी डोळे उघडेचनात. आंधळी झाले असं वाटून मी ओरडले. कुणीतरी ओल्या कापडाने हलकेच पुसायला लागलं. मला वाटलं, नर्स.

"काय न्हाय झालं पोरी, उघड डोळं."

एक डोळा उघडला, तर समोर तोच पदर! तरी दुसरा पुसून होईपर्यंत मी गप्प पडून राहिले.

बाबांचा खोकला कसाय? त्यांना एकटं सोडून तू नागपूरहून निघू नकोस. माझे डोळे पुसायला इथे माणूस आहे. फक्त पदर धुतलेला नाही.

तुझीच,
प्रियू