धीराचं बिल बनत नाही

बोईसर,
गुरुवार

तीर्थस्वरूप दमयंतीआत्यास,

केदारचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मामांचा खोकला आणि वाडीतली पानवेल, दोघांची खुशाली एकदमच कळव, कारण वेलीचं बिनसलं की मामांचंही बिनसतं. आम्ही इथे ठीक आहोत. (तेजल ठीक आहे. मी नाही.) फोन सोडून पत्र का, असं विचारशील. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि आपलं बोलणं केळव्याची अर्धी आळी ऐकते. आधीच सांगून ठेवतो, हे पत्र पैशासाठी नाही.

तेजलला नववा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई जाऊन दोन वर्षं झाली. माहेरी आता वडील आणि भाऊ भावेश, दोघंही शिंक आली तरी डॉक्टरकडे धावणारे. तेव्हा तेजलने एकच गोष्ट मागितली, डूला. म्हणजे बाळंतपणात बाईजवळ बसून राहणारी शिकलेली बाई. ती औषध देत नाही, बाळ काढत नाही (ते डॉक्टर करतात, त्यांची फी वेगळी). ती कंबर चोळते, श्वास कसा घ्यायचा ते सांगते आणि धरलेला हात सोडत नाही. आई असती तर मागितलं नसतं, असं तेजल म्हणाली. मग मी फी न विचारताच हो म्हटलं. फी नंतर कळली. पंचवीस हजार.

कारखान्याच्या विम्यातून काही सुटेल म्हणून ऑफिसात गेलो. तिथले मिश्राजी सज्जन गृहस्थ. “डॉक्टर नहीं, नर्स नहीं, तो करती क्या है?” मी म्हटलं, धीर देते. त्यांनी विम्याचं पुस्तक पुढून मागून चाळलं आणि फार खेदाने म्हणाले, “हिम्मत का बिल नहीं बनता, केदारभाई.” शेवटी डूलाबाईंनीच, म्हणजे पालघरच्या दिशाताईंनी, तीन हप्ते करून दिले. पहिल्या बैठकीत त्यांनी बाळंतपणाची फिल्म दाखवली. फिल्म अर्ध्यावर आली आणि मी आडवा झालो. तेजल पोट सांभाळत पाणी घेऊन आली, दिशाताईंनी माझे तळवे चोळले. (त्याचे पैसे वेगळे लावले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.)

मग मला अक्कल सुचली. घरच्या ग्रुपवर लिहिलं की ओटीभरणाला साड्या नकोत, पाकिटं द्या, डूलाच्या फीला लागतील. प्रेमलाकाकूने सगळ्या गोतावळ्यासमोर माझी हजेरी घेतली. “पोट दुखाया लागलं का भाड्याची बाई बसवायची? मंग आमी काय मेलो हाय?” आणि ओटीभरणाला सगळ्यांनी झाडून हिरव्या साड्याच आणल्या, माझ्या नाकावर टिच्चून. गुडघ्यामुळे तू आली नाहीस, पण तुझीही साडी आली. पलंगावर साड्यांचा ढीग आणि शेजारी डोक्याला हात लावून मी. तेजल मात्र तशी बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने तो ढीग हॉलमध्ये मांडला, स्वतः खुर्ची घेऊन बसली आणि कॉलनीतल्या बायकांना बोलावलं. कोणाच्या घरी लग्न होतं, कोणाकडे ओटीभरणच होतं. संध्याकाळपर्यंत दोन हप्त्यांची सोय झाली. तिसरा मी ओव्हरटाइम करून भरला.

फी पूर्ण भरून झाली, आणि काल नर्सिंग होममध्ये तपासणीला गेलो तर सिस्टर म्हणाल्या, आत एकालाच घेतो. डूला नाहीतर नवरा, ठरवून या. आत्या, एवढी खटपट करून मी स्वतःचीच जागा दुसऱ्याला मिळवून दिली! तेजलने माझ्याकडे नीट पाहिलं. “दिशाताईच येऊ दे आत. तिथं मी कळा देऊ का तुला पाणी मारू?” तिचं बरोबर आहे. मला सुटल्यासारखं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे कालपासून जेवण जात नाही.

असो. बाकी इकडचं सगळं बरं चाललं आहे. मामांना नमस्कार, पानवेलीलाही.

तुझा भाचा,
केदार

ता. क. प्रेमलाकाकूची पोपटी साडी आता तळमजल्यावरच्या बाई नेसतात. काकू बारशाला आली की दोघींची जिन्यातच गाठ पडणार. तिला आधी काही बोलू नकोस.

आणखी ता. क. तुझी साडी आम्ही विकायला काढलीच नाही, असं लिहिणार होतो. खरं तर सगळ्यात आधी तीच गेली. भावही चांगला आला.

शेवटचा ता. क. नर्सिंग होममध्ये दाराबाहेर एक बाक आहे. त्यावर किती माणसं बसली तरी चालतात, मी सिस्टरना विचारून घेतलं. तुझ्या गुडघ्याखाली ठेवायला उशी मी आणीन, केळव्याला रिक्षाही पाठवीन. मला फार भीती वाटते आहे गं. आत तेजलचा हात धरायला माणूस आहे. बाहेर माझा धरायला तू येशील का? फी तू सांगशील ती.