वाडीचा चढ आणि छत्तीस दाते

१४ जानेवारी १९३४, तळा

आजही वाडीच्या चढावर हरले! लोकल बोर्डाने नर्सबाईला सायकल दिली खरी, पण चढ लागला की पायडल हलत नाही. पिशवी लादून अर्धी वाट ढकलत नेली. वर पोचले तेव्हा हात असे कापत होते की वाडीतल्या रंगूच्या पोटावर ठेवायची लाज वाटली. तिला आठवा लागलाय. गेल्या साली तिच्याच बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता — आणि तेव्हाही सायकल ढकलून थरथरणाऱ्या माझ्या बोटांना तो वेळेत सुटला नाही; बाळ गेलं. कुणाला बोलले नाही. घरच्यांनी देवाची मर्जी म्हणून सोडून दिलं.

१७ जानेवारी

नजमुद्दीनचाचांकडे गेले. जन्म आगबोटीच्या इंजिनावर काम करण्यात गेला, आता सायकली दुरुस्त करतात. म्हटलं, पुढचं दातेरी चाक मोठं बसवा, जोर येईल. हसता हसता खोकला लागला त्यांना! "उलटा बाय, उलटा! म्होटा नको, बारीक. बोटीवर नांगर उचलताना असाच — हळूहळू फिरतो, पन अख्खा नांगर वर येतो!"

१९ जानेवारी

अठ्ठेचाळीस दात्यांचं काढून छत्तीसचं घातलं. साखळी आखूड केली. सपाटीवर पाय नुसते भिरभिरतात. सगळा बाजार हसला.

२० जानेवारी

चढले! एकदाही न उतरता!

चढ तोच, पाय माझेच. बारा दाते काय कमी झाले, आणि एवढा डोंगर निमूट पायाखाली आला! वर थांबून मागे पाहिलं तर तळा एवढंसं. किती तरी वेळ विश्वासच बसेना. मग त्या चाकाला हात लावून नमस्कार केला. तेल लागलं कपाळाला.

२३ जानेवारी

बोर्डाचा कारकून तुळशीराम घड्याळ दाखवत म्हणाला, "बाई, वाडीला पोचायला पाऊण तास तो पाऊण तासच! फायदा काय झाला?" खरंच, वेळ तेवढाच लागतो. मी नुसते हात पुढे केले — स्थिर. मेल्याला काही कळलं नाही.

९ फेब्रुवारी

रंगूला मुलगी!! पुन्हा वेढा — या खेपेला दोन. बोटं जराही थरथरली नाहीत. निळी होती, मग तांबूस, मग अशी किंचाळली! लिहिताना अजून अंगावर काटा येतोय.

१० फेब्रुवारी

रंगूला सांगून टाकलं — गेल्या साली माझे हात कापत होते.

ती पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "ठावं हाय, बाई. म्या तवाच बगलं व्हतं. औंदा सासू दुसरी सुईन आनत व्हती. म्या म्हनलं, न्हाय. याच बाई."