बावीस दारांची सायकल

प्रिय तिवोंगे,

आधी माझी तक्रार नोंदवून घे. काल चर्चच्या मंडळीच्या सभेत माझ्यावर झाला तसा अन्याय उभ्या मलावीत कुणावर झाला नसेल. चार तासांच्या चर्चेला माणशी एकच मंदासी, तोही लिंबाएवढा; आणि माझ्या वाट्याचा तळलेला तो गोड गोळा पाळकसाहेबांनी प्रार्थना चालू असतानाच उचलला. माझे डोळे मिटलेले होते, त्यांचे नव्हते. श्रद्धा कुणाची मोठी, ते तूच ठरव.

चर्चा तुझीच होती. वीस वर्षं एच.आय.व्ही.च्या रोग्यांची घरी जाऊन शुश्रूषा केलीस म्हणून चर्चचं शहरातलं कार्यालय तुझा सन्मान करणार आहे. शिवाय तुझ्या हाताखाली काम करायला चार मुलींना नर्स करण्याचा खर्चही तेच उचलणार. अट एकच: तुझ्या शुश्रूषेनं सावरलेल्या एका तरी रोग्याचं नाव आणि सही, रविवारच्या आत. नाहीतर सन्मानही दुसऱ्या गावाला आणि मुलींच्या जागाही. त्यावर तू पाठवलेली चिठ्ठी कारभारी म्कांदाविरेंनी वाचून दाखवली, "नावं देवाला ठाऊक आहेत, कार्यालयाला कशाला हवीत?" ते तर उखडलेच. "नाव नाही म्हणजे काम केलं कशावरून? बाई वीस वर्षं नुसती सायकल फिरवत होती काय?" मागून म्हातारी न्याम्वाले ओरडली, "तुझ्या दारात आली तेव्हा विचारायचं होतंस! तेव्हा तर दात काढून थोब्वा पाजत होतास!"

ती सायकल! दवाखान्याची सायकल ज्या दाराशी दिसेल, त्या घरात 'तो' आजार, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. मग त्या घरच्यांशी विहिरीवर कुणी बोलेना. म्हणून तू दर मंगळवारी आमच्या वाडीतल्या बावीसच्या बावीस दारांशी सायकल लावायला लागलीस. मुखियाच्या, पाळकाच्या, धडधाकट पैलवानाच्यासुद्धा. प्रत्येक घरी मक्याचा गोड थोब्वा पेलाभर प्यायचीस, पोरांची नखं बघायचीस आणि सगळीकडं तीच एक प्रार्थना करायचीस. कुठं जास्त वेळ गुडघे टेकलेस, हेही कुणाला मोजता येऊ नये म्हणून.

आणि मी, गावचा विनोदी मास्तर, मंडळीच्या मासिकात काय लिहिलं? 'आमच्या नर्सबाई रोग्यांपेक्षा थोब्व्याच्या मडक्यांचीच नाडी जास्त बघतात.' गाव आठवडाभर हसलं. तूही भर रस्त्यात म्हणालीस, "मास्तर, पुढच्या मंगळवारी तुझ्याकडचा जरा घट्ट असू दे, मागचा पाणचट होता." तुझ्या डोळ्यांत राग शोधला, सापडला नाही. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

कारण तिवोंगे, तो विनोद नव्हता, भीती होती. सायकल माझ्या दाराशी का थांबते, हे कुणी विचारायच्या आत मी लोकांना हसवून टाकलं. एकवीस घरी तू थोब्व्यासाठी थांबलीस की कुणासाठी, मला ठाऊक नाही. बाविसाव्या घरी माझ्यासाठी थांबायचीस. पलीकडच्या जिल्ह्यात नेऊन माझी तपासणी तूच करवलीस आणि मी गोळ्या टाकून दिल्या तेव्हा "मरायचं तर माझ्या पाळीत नको" म्हणून दटावलंसही तूच.

आज सकाळी शाळा भरण्याआधी मी म्कांदाविरेंकडं गेलो आणि अर्जावर लिहिलं: बेंट्री म्हांगो, मुख्याध्यापक, अकरा वर्षं उपचार चालू, प्रकृती उत्तम. खाली सही केली. ते म्हणाले, "मास्तर, हे रविवारी सगळ्यांसमोर वाचावं लागेल." मी म्हटलं, "मोठ्यानं वाचा, मागच्या बाकावर न्याम्वालेला कमी ऐकू येतं." हे तुला तिथं अचानक कळू नये, म्हणून हे पत्र. तू कुणाचंही नाव फोडलेलं नाहीस. हे माझं होतं, ते मी दिलं. रविवारी ये.

तुझाच,
बेंट्री