चंद्रपूरचा गंज आणि भागीरथेची चिंच

चंद्रपूर,
गुरुवार, २६ फेब्रुवारी १९८७

आदरणीय देवरावभाऊ यांना जावई लटारूचा सप्रेम जय भीम.

इकडे सर्व खुशाल. तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि तांबडी गाय, या तिघांची खुशाली कळवावी (मागच्या पत्रात गाय सोडून कोणाचीच कळली नाही). तुमची बहीण भागीरथा ठणठणीत आहे. किती ठणठणीत, ते पुढं येईलच.

दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या साहेबांनी एकाच पोलादाच्या बारा पाट्या आणल्या, शाळेच्या पाटीएवढ्या. सहा आमच्या गुदामाच्या आवारात तिरप्या मांडल्या, सहा मुलचेऱ्याला तुमच्या लाकूड डेपोत. रंग न देता पूल बांधायचे ते हे पोलाद. साधं लोखंड गंजतं आणि पापुद्रे सोडत संपून जातं. यात थोडं तांबं मिसळलेलं असतं म्हणे, त्यामुळं हे गंजाचंच कातडं अंगावर घट्ट धरतं आणि आतलं पोलाद सुखरूप राहतं. कोळशाच्या धुरात ते कातडं धरतं का, एवढं साहेबांना बघायचं आहे. तुमच्याकडं धूर नाही, म्हणून तुमच्या पाट्या फक्त ताडून बघायला. (राग मानू नका. शब्द साहेबांचे आहेत. 'फक्त' तेवढा माझा.)

आमच्या हवेला लोक नावं ठेवतात. पण भाऊ, तुमच्याकडं पांढरं धोतर आठवडाभर पांढरं राहतं, यात हवेचं काय कर्तृत्व? इथं दोरीवर टाकलेला सदरा वाळेपर्यंत राखाडी होतो. अशा हवेत माझ्या पाट्या उभ्या आहेत! वरची बाजू पावसानं धुतली जाते, उन्हात वाळते. ती पिकल्या जांभळासारखी काळसर झाली आहे. खालच्या बाजूला धूळ चिकटते, दव सुकत नाही. तिथला गंज बोट लावलं की भुकटी होतो. हे सगळं मी रोज सकाळी रजिस्टरात लिहितो. शेजारच्या कमलाबाईंनी एकदा सांडगे वाळत घातले, तेही लिहिलं: 'पाटी क्र. ५, मीठ लागले. सांडगे जप्त.' (चांगले होते.)

आता साहेब सोमवारी येणार आहेत. दोन पाट्या नेतील आणि दोन जागांपैकी पुढं कोणती एक चालू ठेवायची ते ठरवतील. बावीस वर्षं मी गुदामाच्या दारावर बसलो, पण माझ्याशिवाय अडेल असं हे पहिलंच काम. ते हातचं जाऊ नये, असं मनापासून वाटतं.

म्हणून काल दाढी करून घ्यायला गेलो. परत आलो तर भागीरथा पाट्यांच्या मांडणीपाशी बसलेली, शेजारी चिंचेचा कोळ, राख आणि नारळाची शेंडी. पाटी क्रमांक तीन पितळी ताटासारखी लखलखत होती. चारचा एक कोपराही उजळला होता. मी ओरडलो, तर तीच माझ्यावर उखडली.

"साहेब येऊन राह्यले अन् त्यायले असं जंग खाल्लेलं दाखवान काय? लोकं म्हणतीन, घरात बाई हाय का नाई! एकच झाली पुरी. दुसरीले हात लावला तं तुमी आले बोंबलत."

दोन वर्षांचं कातडं, भाऊ! तेही एका सकाळी, फुकट. आपल्या घरी पाहुणा येणार म्हटलं की भांडी घासायचीच, हे तिला तुमच्याच घरी शिकवलेलं आहे.

तुमचा,
लटारू

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. तुमची एक गंजलेली पाटी रविवारच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ द्यावी. पेपरात गुंडाळावी. कोणाला बोलू नये.

ता. क. २ (शुक्रवार). पाटी पाठवू नका. प्रत्येक पाटीवर गावाचं अक्षर ठोकलेलं आहे, हे सकाळी लक्षात आलं, आणि स्वतःची लाजही वाटली. मग रजिस्टरात लिहिलं: 'पाटी क्र. ३, पत्नीने घासली. चूक माझी, तिला सांगितले नव्हते.' शाई वाळते न वाळते तोच साहेब दारात! तीन दिवस आधी! मी रजिस्टर पुढं केलं. त्यांनी वाचलं, पाटी उलटून भिंगातून बघितली आणि हसतच सुटले. नागपूरला नेऊन तेही गंज उतरवणारच होते, आम्लात बुडवून. मग वजन करायचं, म्हणजे हवेनं किती पोलाद खाल्लं ते कळतं. राखेनंही थोडं खाल्लं असणार, म्हणून तीनचं वजन ते धरणार नाहीत. पण खालच्या बाजूचे खड्डे भागीरथेनं उघडे पाडले. धुळीखाली कातडं धरतच नाही! अशा पोलादालाही आमच्या हवेनं खड्डे पाडले, भाऊ. माझा ऊर भरून आला. चार नंबर इथंच राहणार, घासलेल्या कोपऱ्यावर कातडं पुन्हा येतं का बघायला. जागा आमचीच चालू राहणार. साहेब म्हणाले, "सांडगेसुद्धा लिहिणारा माणूस मला दुसरीकडे कुठे मिळणार?"

ता. क. ३. तुमच्या पाट्या न्यायला साहेब बुधवारी तिकडे येतील. हे भागीरथेनं ऐकलं आहे. साहेबांनी तिला चिंच किती घेतली ते विचारून लिहून घेतलं, तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नाहीत. सोमवारच्या गाडीनं ती माहेरी येते आहे, सोबत दोन किलो चिंच. पाट्या लपवा. कुठं लपवल्या ते रजिस्टरात लिहा, आणि रजिस्टरही लपवा.