आईने चिकटवलेली नोट

गिरगाव, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८१६

आईपुढे हात टेकले! टपालात चोरी होऊ नये म्हणून लोक नोट मधोमध कापून धाडतात. एक अर्धी पोचल्याचं कळलं की मग दुसरी. माझ्या दोघा भावांपैकी दादाने पुण्याहून त्याच्या दहाच्या नोटेची डावी बाजू धाडली, अण्णाने नागपुराहून त्याच्या नोटेची उजवी. दोन्ही आजच आल्या. मी कचेरीतून येईतो आईने त्या भाताच्या शितांनी एकमेकींना चिकटवून देवापुढे ठेवल्या होत्या. एक शीत तर नेमकं नंबरावर!

मी ओरडलोच. "आई, दोन बाजूंना दोन नंबर! सरकारी नियमाने ही नोटच नव्हे. मला चोर म्हणून धरतील!"

"धरू देत. परसातल्या फणसावरून बोलणं टाकलं होतं दोघांनी. शेवटी निम्मे-निम्मे घालून एक नोट धाडली की नाही आईला?"

मी तिला सगळं नीट समजावलं. तिने ऐकूनही घेतलं. पण नोट भिजवायला मी पाणी आणलं, तर तिने ती पदराखाली घेतली.

"इतक्या वर्षांनी चिकटलेत रे. आजची रात्र राहू देत."

सकाळपर्यंत त्या शिताचा दगड होणार.