कोठारातली दोन हजार पोती

३ मार्च, सोमवार. सकाळी ११.
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती. वाया घालवण्यापेक्षा रोज चार ओळी लिहायचं ठरवलं. पेन्सिलने. कुणी वाचणार नाही, तेव्हा अक्षराची काळजी नाही.

आज मामंजींनी हाक मारली. सूनबाई, बस म्हणाले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, बस असं पहिल्यांदाच म्हणाले. बसले, खुर्चीच्या कडेवर. त्यांनी तेवीस पानं हातात दिली. तीनशे वर्षांपूर्वीच्या, टेकडीवरच्या किल्ल्याच्या लढाईवर लेख लिहिलाय. सोळा तारखेला वाचनालयात वाचणार, मग मासिकात येणार. हा कच्चा खर्डा आहे, वाच आणि स्पष्ट अभिप्राय दे, तोंडदेखलं कौतुक नको, म्हणाले.

हात गार पडले होते. फरशी गार असते त्या खोलीत.

४ मार्च. दुपारी.
अकरा पानं झाली. सेनापतीचं भाषण अडीच पानं चालतं. बाहेर शत्रू उभा असताना माणूस इतकं बोलतो का, असं मनात आलं. देवासमोर कान पकडले.

ह्यांना म्हटलं, तुम्हीपण जरा वाचता का. हे म्हणाले, बाबांनी विश्वास तुझ्यावर टाकलाय, मी मधे कशाला कडमडू. आणि बाजारात गेले. पिशवी न घेता.

मी घाबरलेले नाही. पण गोष्ट विसरण्यासारखी नाही. आठ वर्षांपूर्वी मामंजींनी शेवटचा लेख लिहिला, तेव्हा पुतण्या म्हणाला होता, काका, थोडा लांबलाय. मामंजी तीन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. ताट उंबऱ्यावरून परत यायचं. लेख फाडला. पुतण्याशी आजतागायत बोलणं नाही, आणि त्यानंतर लेखणीला हातही लावला नव्हता. आता एकोणऐंशीव्या वर्षी पुन्हा लिहितायत. काल दाढी करताना गुणगुणत होते.

५ मार्च. सकाळी, भांडी व्हायच्या आत.
लेख संपला. पान चार: किल्ल्यात बारा हजार सैनिक. पान सहा: कोठारात दोन हजार पोती धान्य. पान नऊ: वेढा नव्वद दिवस. पान एकवीस: नव्वदाव्या दिवशी सैन्य ताज्या दमाचं, भरल्या पोटी लढायला सज्ज, पण कोठार सांभाळणारा कोठीवाला फितूर झाला आणि त्याने दरवाजा उघडला.

मी मॅट्रिक. इतिहासात छत्तीस, गणितात ब्याऐंशी. बसले मांडायला. माणशी दिवसाला अर्धा किलो. (लढणारा माणूस याहून कमी कसा खाईल, आमचे हे नुसते बसून तेवढं खातात.) पोतं शंभर किलोचं धरलं, म्हणजे सढळ हातानेच. रोजची साठ पोती. दोन हजार पोती तेहतीस दिवसांत खलास. घोडे धरलेच नाहीत.

चौतिसाव्या दिवसापासून कोठारात खडखडाट. कोठीवाला फितूर नव्हता. उपाशी होता बिचारा.

तीनदा मांडलं. तीनदा तेहतीस. हे असंच वाचलं तर वाचनालयात हसं होईल त्यांचं. सांगायला हवं. उद्या चहाबरोबर सांगते.

७ मार्च.
काल चहा फार गरम होता, तशात गंभीर विषय काढू नये. आज कोमट करून नेला. मामंजी म्हणाले, हं, बोल. मी म्हटलं, अक्षर सुरेख आहे. म्हणाले, अक्षराचं विचारलेलं नाही, मजकुराचं बोल. मी म्हटलं, दूध उतू जातंय, आलेच.

गॅसवर दूध नव्हतं.

९ मार्च, रविवार.
निर्णय देवावर सोपवला. दोन चिठ्ठ्या केल्या, सांग आणि सांगू नको. डोळे मिटून उचलली. सांग. कागदाच्या घड्या सारख्या नव्हत्या म्हणून पुन्हा केल्या. सांग. मग लक्षात आलं की आंघोळीनंतर केस ओलेच होते, चित्त एकाग्र नसणार. तिसऱ्यांदाही सांग.

देव सांग म्हणाला, पण कधी ते नाही म्हणाला. घाई करणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास.

११ मार्च.
वन्संचा फोन. लेखाचं सांगितलं तर हसत सुटल्या. म्हणाल्या, वहिनी, तू गेलीस कामातून. मी हॉस्टेलमधून बाबांना पत्र लिहायचे ना, ते लाल शाईने तपासून परत यायचं. एकदा लिहिलं, इथे मजेत आहे. समासात शेरा, विधानास आधार द्यावा. मी म्हटलं, मी काय लहान आहे का, उद्याच सांगून टाकते. म्हणाल्या, सांग हो, ताट मात्र झाकून ठेव.

१३ मार्च. सकाळी १०.
तोंडी सांगण्यापेक्षा लेखी बरं, ते मुद्देसूद होतं. सगळा हिशेब एका चिठ्ठीवर उतरवला आणि मामंजी बागेत असताना ती त्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवली. त्यांच्या काठीचा आवाज आला तशी काढून घेतली. चष्म्याच्या काचेला चरा पडला असता.

तेवढ्यात ते दारात. सरळ विचारलं, आकडे पाहिलेस ना, हिशेब तुझा चोख असतो. मी म्हटलं, हो, पाहिले. ते म्हणाले, मग मी निर्धास्त.

पाहिले हे खरंच आहे. खोटं बोललेले नाही. देव साक्षी.

१५ मार्च. दुपारी.
मामंजींनी कोट इस्त्रीला दिला. बूट स्वतः पुसले. आरशासमोर पहिला परिच्छेद म्हणून पाहिला. मला जेवण गेलं नाही. उन्हाळ्याने भूक मरते.

मला त्या कोठीवाल्याचा मात्र राग येतो. चौतिसाव्या दिवशी कळलं होतं ना? मग छप्पन्न दिवस तोंड शिवून का बसला? एक वाक्य तर बोलायचं होतं. सरकार, धान्य संपलंय. सेनापती काय गिळणार होता त्याला? असल्या भित्र्या माणसांपायी किल्ले पडतात.

उद्या सकाळी, निघायच्या आधी, नक्की.

१६ मार्च, रविवार. दुपारी, परत आल्यावर.
सकाळी बस लवकर आली.

वाचनालयात साठ-सत्तर लोक. चिठ्ठी पर्समध्ये होती. पहिल्या रांगेत बसले, म्हणजे गरज पडल्यास देता यावी. मामंजी छान वाचत होते. सेनापतीच्या भाषणाला टाळ्यासुद्धा पडल्या. मग मागून एक गृहस्थ उठले. म्हणाले, मी सैन्यात रसद खात्यात होतो, सर, एक साधी शंका आहे. बारा हजार माणसं, दोन हजार पोती. शेवटचे दोन महिने ती खात काय होती?

कुणीतरी हसलं. मग बरेच जण.

मामंजींनी पानं मागे-पुढे केली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. पर्स उघडली. उठले हे महत्त्वाचं. आणि त्यांना पाण्याचा ग्लास नेऊन दिला.

बसमध्ये मामंजींनी विचारलं, तुला माहीत होतं? मी म्हटलं, नाही.

१७ मार्च.
खोलीचं दार बंद. सकाळचं ताट परत. हे म्हणाले, तरी मी म्हणत होतो. काय म्हणत होते ते सांगितलं नाही.

१८ मार्च.
हे जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहितेय. मामंजींनी दार चार बोटं उघडून हिशेबाची वही मागितली. माणसाला महिन्याला धान्य किती लागतं ते बघायचंय म्हणाले. मी इतकी धांदरले, म्हणजे उठून पटकन दिली. दार बंद झाल्यावर मागची पानं आठवली.

ते मागून वाचणार नाहीत. हिशेब पुढे आहे. अंगात कसर वाटतेय, हवा बदलतेय.

२१ मार्च. सकाळी ११.
वही परत आली. रिकाम्या ताटाबरोबर. सगळं जेवले.

पुढच्या हिशेबाला हात लावलेला नाही. मागच्या पानांवर लाल शाई. फरशी गार असते: विधानास आधार द्यावा. मी घाबरलेले नाही: प्रश्नचिन्ह. चष्म्याला चरा: प्रश्नचिन्ह. पाच तारखेच्या मांडणीवर बरोबरची खूण, मोठी. पंधरा तारखेला, कोठीवाल्याच्या भागापुढे, शेरा नाही. नुसती उभी रेघ, दोनदा ओढलेली.

शेवटी लिहिलंय: आकडे अचूक. कोठीवाल्याची भीती मला दिसली नव्हती, आता दिसली. लेख त्या अंगाने पुन्हा लिहीत आहे. नवा खर्डा सोमवारी देतो. अभिप्राय तोंडी द्यावा.

देणारच आहे. स्पष्ट देणार. आता भीड कसली, सगळं तर वाचलंय त्यांनी. खरं म्हणजे सोमवारची वाट कशाला, आत्ताच जाऊन सांगते की सेनापतीचं भाषण एक पान पुरे.

काठी वाजतेय. इकडेच येतायत.

दूध बघून येते.