आईच्या गुडघ्याची गोळी

३ फेब्रुवारी, सोमवार

आठ वाजता आजऱ्याला आईला फोन.
"गोळी घेतलीस?"
"घेतली की."
"गुडघा?"
"लई हलका वाटतोय."
एवढंच बोलणं. माझ्या लॅबमधलं तिला कळत नाही. तिच्या काजूच्या कारखान्यातलं मी कधी विचारत नाही. फोन ठेवला, की कागलची ही खोली आणि पंख्याची घरघर.

पण तिला बरं वाटतंय. घरातली पहिली पदवीधर मी — ग्लुकोसामीनच्या गोळ्या मीच शोधून पाठवल्या. शिक्षणाचा एवढा तरी उपयोग झाला.

६ फेब्रुवारी

कंपनीत तपासणीला डॉक्टर आले होते. जाता जाता मी त्यांना आईच्या गुडघ्याचं विचारलं. म्हणाले, "झिजलेला सांधा गोळ्यांनी भरून येत नाही. मांडीचा व्यायाम करू दे. आणि उकिडवं बसणं बंद."

वाद घालावासा वाटला. खोलीवर येऊन वाचत बसले. बऱ्याच अभ्यासांत औषध नसलेली खोटी गोळी दिलेल्यांनाही जवळजवळ तेवढंच बरं वाटलंय.

बी.एस्सी. केमिस्ट्री. आणि औषध निवडलं जाहिरात बघून.

७ फेब्रुवारी

आईला सांगितलं नाही. "गोळी घेतलीस?" एवढंच.

९ फेब्रुवारी, रविवार

घरी जाऊन आले. कारखान्यात आईच्या शेजारी बसून काजू सोलणारी धोंडुबाई दारातच भेटली. "क्रांते, तुझ्या गोळीनं माझा गुडघा पळाय लागला बघ!"

तिचा गुडघा?

आई चहाच्या भांड्यात बघत म्हणाली, "एकेक देतो की समद्यास्नी. पोरीनं पाठवलीया म्हणून सांगतो."

आणि उठली ती चौकटीला धरून. तोंडातून आवाज येऊ न देता.

मग सगळं सांगितलं. गोळीचा फारसा उपयोग नाही, आता बंद कर. खुर्चीत बसवून पाय सरळ उचलायला शिकवलं — एका वेळी दहादा, पुरे. तिने ऐकून घेतलं. निघताना म्हणाली, "मग आता फोनवर काय इचारशील?"



१० फेब्रुवारी

आठ वाजले. फोन हातात घेतला, ठेवला.

११ फेब्रुवारी

आजही नाही. तिचाही नाही.

१२ फेब्रुवारी

आठला आईचाच फोन. "खुर्चीत बसलोय. पाय उचलतो, तू मोज."

मोजू लागले. दहा झाले. मी थांबले नाही, तीही थांबली नाही. पंधराला धापा टाकत म्हणाली, "आता दुसरा पाय."